सशाच्या ट्रेमध्ये कडबा

ससा खाता खाता शी करतो. वाक्य लिहायला जरा अवघड वाटतं, पण सशाच्या ट्रेमध्ये काय पसरावं या प्रश्नाचं बहुतेक उत्तर त्यातच आहे. मांजर आपल्या ट्रेमध्ये येतं, उकरतं, काम उरकून झाकतं आणि पुन्हा तिकडे ढुंकून बघत नाही. ससा मात्र ट्रेमध्ये बसकण मारतो. समोरचं गवत ओढून चघळत राहतो, मागून लेंड्या पडत राहतात आणि तोंडासमोरचं संपलं की बुडाखाली काय आहे तेही चाखून बघतो. म्हणून दुकानातून ट्रेमध्ये पसरायच्या मालाची, म्हणजे लिटरची, पिशवी उचलण्याआधी एकच गोष्ट विचारायची: हे सशाच्या पोटात गेलं तर चालेल का? देवणी नाहीतर लाल कंधारी जनावरं सांभाळणाऱ्या घरात कडब्याची पेंढी हातात आली की आधी नाकाशी जाते, मग उजेडात. त्याच नजरेनं ट्रेकडे पाहिलं तर निम्मं काम झालं.

आधी ससा कोणता ते स्पष्ट करू. नांदेड-लातूरच्या शिवारात तुरीच्या ओळींतून अचानक उधळतो तो ससा हा नव्हे. तो रानससा उघड्यावर, गवताच्या आडोशाला राहतो, बीळ करत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडायला नि पाळायला बंदी आहे. घरात पाळतात तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळांत टोळीनं राहणारा. या बिळवाल्या सशांची एक रीत आहे. ते ठरलेल्या जागीच लेंड्यांचा ढीग घालतात आणि त्या वासावरून ही हद्द कुणाची हे बाकीच्यांना कळतं. घरातला ससासुद्धा आपण होऊन एक कोपरा धरतो. ट्रे त्या कोपऱ्यात न्यायचा. आपल्या सोयीच्या जागी ठेवून सशानं तिथं यावं ही अपेक्षा फुकट आहे. वयात आलेला ससा जागोजाग मुतून हद्द आखत असेल तर दोष ट्रेचा नसतो. नसबंदी केल्यावर ही सवय बरीच कमी होते.

आता त्याच्या शरीराकडे वळू. धडधाकट ससा दिवसाकाठी दोनशे-तीनशे कोरड्या, गोल लेंड्या टाकतो. त्यांना वास जवळपास नसतो. याखेरीज तो मऊ, एकमेकांना चिकटलेल्या गोळ्यांचा घोस टाकतो, आणि तो थेट तोंडानं उचलून गिळतो. गवत पहिल्या फेरीत पूर्ण पचत नाही. आंधळ्या आतड्यातल्या जंतूंनी त्यातून तयार केलेली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं या दुसऱ्या फेरीत अंगी लागतात. हा प्रकार पहिल्यांदा बघणारी मुलं नाकं मुरडतात, मुरडू द्यावीत.

लघवीचं प्रकरण वेगळं. ससा किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी पितो, म्हणजे ट्रेमध्ये ओल बरीच येते. आहारातलं जादा कॅल्शियम इतर प्राण्यांपेक्षा ससा लघवीवाटे फार जास्त टाकतो. त्यामुळे ती गढूळ दिसते आणि वाळल्यावर चुन्याचा थर सोडते. कधी कधी ती विटकरी, अगदी लालसुद्धा दिसते. बहुधा ते चाऱ्यातल्या रंगद्रव्यांमुळे असतं, पण ससा कुंथत असेल किंवा थेंब थेंब करत असेल तर ते रक्तही असू शकतं, तेव्हा दाखवून घ्यावं.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. सशाला उलटी करता येत नाही. जे गिळलं ते पुढेच जाणार किंवा मध्येच अडकणार. तो श्वास नाकानंच घेतो, त्यामुळे धूळ आणि अमोनिया यांच्यापासून त्याला सुटका नाही. आणि कुत्र्या-मांजरांच्या पायाला असते तशी गादी त्याच्या तळव्याला नसते, नुसती लव असते. खरबरीत किंवा ओल्या जागी बसून बसून ती लव झडते, टाचा लाल होतात, मग जखमा होतात, आणि त्या भरून यायला महिनेच्या महिने लागतात.

एवढं समजून बाजारात गेलं की पहिली गाठ पडते ती मांजराच्या लिटरशी. लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी कुठल्याही रस्त्यानं जा, नाहीतर नांदेडच्या वजिराबादेत फिरा; जनावरांच्या खाद्याच्या दुकानात सशाचं लिटर मागितलं की मांजराचं पुढे येतं. “ससेवाले बी हेच नेतेत की मामा. वास येत नाही, गोळा होऊन बसतंय.” दुकानदार खोटं बोलत नाही. गोळा होऊन बसतंय, हीच तर अडचण आहे.

मांजराचं लिटर पहिल्यांदा विकलं गेलं ते अमेरिकेत, १९४७ साली. मिशिगनमधल्या एड लो यांच्याकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली आणि त्यांनी तिला कारखान्यात सांडलेलं तेल शोषायला वापरतात ती माती दिली. आपल्याकडची मुलतानी माती त्याच जातीची. पुढे या धंद्यात बेंटोनाइट आलं, म्हणजे पाणी लागताच फुगून घट्ट गोळा होणारी माती. भारतात ती मुख्यतः कच्छच्या खाणींतून निघते. बेंटोनाइटचा मुख्य घटक मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज, आणि तेच खनिज मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत भरपूर आहे. पावसाळ्यात बैलगाडीच्या चाकाला थरावर थर चिकटवणारी, आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडून घरांच्या भिंती तडकवणारी जमीन ज्यानं पाहिली आहे, त्याला बेंटोनाइट समजावून सांगावं लागत नाही. विश्वास बसत नसेल तर एका वाटीत चमचाभर गोळा होणारं लिटर घ्यावं, त्यावर हळूहळू पाणी सोडावं आणि थोड्या वेळानं बोटानं दाबून पाहावं. चिकट, घट्ट, रबरासारखा गोळा हाताशी येतो. ससा पायाला चिकटलेले कण चाटतो, गवताबरोबर चावतो आणि हा गोळा मग आतड्यात होतो. न फुगणाऱ्या मातीच्या लिटरची तेवढी भीती नाही, पण धूळ तिथेही आहे. पांढऱ्या स्फटिकांचं सिलिकाचं लिटर दिसायला देखणं असतं; सशानं ते खावं असं कुणालाच वाटत नसेल, तर त्याला त्यावर बसवूही नये.

मांजराचं नको म्हटल्यावर आपली पावलं सॉ मिलकडे वळतात. भुसा फुकट किंवा फुकटाच्या भावात मिळतो, कोंबड्यांच्या शेडमध्ये तो घालतातच, मग सशाला काय झालं? इथं थोडं थांबलं पाहिजे, कारण भुसा म्हणजे एक वस्तू नव्हे. करवतीखाली पडतो तो बारीक भुसा धुळीनं भरलेला असतो. तो नाकासाठीच वाईट. रंध्यातून निघणारी सालपटं मोठी असतात, धूळ कमी. पण लाकूड कोणतं? पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन असेल तर त्याचा तो छान वास म्हणजेच त्रास आहे. १९६७ साली इलियट व्हेसेल यांनी ‘सायन्स’मध्ये एक निरीक्षण छापलं. रेड सीडर आणि पाइनच्या सालपटांवर ठेवलेल्या उंदरांना झोपेचं औषध दिलं की ते ठरल्या वेळेआधीच जागे होत. त्यांच्या यकृतातली औषध मोडणारी विकरं वाढलेली होती. बीच, बर्च, मेपल अशा कठीण लाकडाच्या सालपटांवर असं झालं नाही. याचा अर्थ पाइनवर बसलेला ससा मरतो असा नव्हे. पण नुसत्या वासानं यकृताचं काम बदलत असेल, आणि उद्या याच सशाला नसबंदीसाठी भूल द्यायची असेल, तर ती जोखीम कशाला घ्यायची? भट्टीत वाळवलेल्या पाइनमधून हे उडणारे पदार्थ बरेचसे निघून जातात. गल्लीतल्या मिलमध्ये मात्र भट्टी नसते.

किनवट-माहूरकडचं सागवान चांगलं, असंही कुणी सांगेल. फर्निचरला चांगलंच. सागाची धूळ सुतारांच्याही कातडीला नि श्वासनलिकेला झोंबते. आणि आजकाल सुतारकामाचा भुसा म्हणून जे पोत्यात भरून मिळतं त्यात पुष्कळदा प्लायवूड आणि एमडीएफ असतं, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या डिंकानं चिकटवलेलं लाकूड. हे पोतं घरात आणूच नये.

परदेशात ससे पाळणाऱ्यांची आवड म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या कांड्या, पेलेट. मूळच्या त्या शेगडीत जाळायच्या. ओल लागली की विरघळून भुसा होतो, धूळ कमी, वासही दाबला जातो. आपल्याकडे पेलेट आणि पांढऱ्या कोळशाच्या ठोकळ्यांचे कारखाने आता जागोजाग निघालेत. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात शेतीचा टाकाऊ माल मिसळावा असं केंद्राचं धोरण आहे, शिवाय बॉयलरवाले घेतातच. पण या कांड्या बॉयलरसाठी केलेल्या असतात. त्यात सोयाबीनची गुळी असेल, पऱ्हाट्या असतील, शेंगांची टरफलं असतील, भंगारातलं रंगवलेलं लाकूडही असेल; बॉयलरला त्याचं काय! ओळखीच्या कारखान्यात निव्वळ रंगरहित लाकडाच्या कांड्या होत असतील आणि मालक छातीठोक सांगत असेल तर घ्याव्यात. नाहीतर सोडून द्यावं.

शेतातल्या टाकाऊ मालापैकी बरंचसं झटपट बाजूला काढता येतं. सोयाबीनची गुळी ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात भिजलेली असली की तिला बुरशी असतेच, शिवाय त्या पिकावर फवारण्याही फार. शेंगांच्या टरफलांना मी ठाम नकार देईन. १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखावर टर्की पक्षी मेले, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं. या विषाला सगळ्यात हळव्या प्राण्यांत सशाचा नंबर फार वर आहे. भाताचं तूस खरखरीत, टोकदार, आणि पाणी फारसं शोषत नाही. चिंध्या आणि कापूस चघळून धागे पोटात जातात.

उसाचं चिपाड मोहात पाडतं, कारण ते स्पंजासारखं शोषतं आणि साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात त्याला तोटा नाही. पण रसवंतीच्या मागे पडलेल्या चिपाडात साखर राहिलेली असते. घरात आणलं की तासाभरात मुंग्यांची रांग, दोन दिवसांत आंबूस वास. कारखान्याच्या आवारात साठवलेल्या जुन्या बगॅसमध्ये तर उष्णता आवडणारे जंतू वाढतात. ती धूळ श्वासातून जाऊन कामगारांना होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बगॅसोसिस असं नावच आहे. माणसाची ही गत होते, तर नाक ट्रेमध्ये खुपसून बसणाऱ्या सशाचं काय होईल?

वर्तमानपत्र मात्र ज्याच्या त्याच्या घरी असतं. ट्रेच्या तळाशी ‘प्रजावाणी’ नाहीतर ‘एकमत’ चार घड्या करून घातला तर ओल धरायला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. अडचण शाईची. रद्दीच्या कागदात खाण्याचे पदार्थ गुंडाळू नयेत असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये सांगितलं ते शाईतल्या रसायनांमुळेच. भजीवाल्यांनी ते किती मनावर घेतलं हा भाग निराळा. ससा कागद फाडतो, थोडा गिळतोही. म्हणून वर्तमानपत्र तळाला, आणि वर त्याच्या दातांना लागणार नाही एवढा जाड थर, ही तडजोड चालते. गुळगुळीत रंगीत पुरवण्या आणि दुकानांच्या पावत्यांचा चकचकीत कागद नको. त्याहून बरा तपकिरी पुठ्ठा. किराणा दुकानातली खोकी आणावीत, चिकटपट्टी आणि पिना काढाव्यात, दोन तास पाण्यात भिजवून थर सोडवावेत आणि हातानं तुकडे करून कडक उन्हात वाळवावेत. मराठवाड्यात ऊन फुकट आहे. अंड्यांचे ट्रे असेच शोषतात, पण कोंबडीची घाण लागलेली असते, ते नकोत.

वरचा थर कशाचा, या प्रश्नाशी आपण आता येतो आणि इथं नांदेड-लातूरच्या माणसाला पुण्या-मुंबईच्या ससेवाल्यांचा हेवा करण्याचं कारण उरत नाही. ते टिमोथी नावाचं परदेशी वाळलं गवत ऑनलाइन मागवतात, किलोच्या भावात. आपल्याकडे कडबा आहे.

पण कडबा आहे म्हणजे कोणताही कडबा नव्हे. खरिपाच्या ज्वारीचं कणीस भरतं तेव्हा पाऊस असतो. दाणा काळा पडतो, कडबाही डागाळतो. रब्बीची शाळू, मालदांडी, जमिनीतल्या ओलीवर येते आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत काढली जाते. पेंढ्या शेतातच खडखडीत वाळतात. बुरशीच्या दृष्टीनं याहून निर्धास्त चारा या भागात दुसरा नाही. सोयाबीन-कापसाच्या मानानं फवारण्याही कमी, जरी लष्करी अळी आल्यापासून शेतकऱ्याला एकदा विचारून घेतलेलं बरं. कोवळ्या ज्वारीत किरळ, म्हणजे विष, असते, तिनं गुरं दगावतात, हे इथं लहान पोरांनाही ठाऊक आहे. पुरत्या पिकून चांगल्या वाळलेल्या कडब्यात ती भीती फारशी उरत नाही.

पेंढी घेताना बनिमीच्या, म्हणजे कडब्याच्या गंजीच्या, बाहेरची घेऊ नये. अवकाळीचं पाणी तिनं खाल्लेलं असतं. आतली काढायला सांगावी. पाती फिकट पिवळी-हिरवट हवी, तोडली तर कुरकुरत तुटली पाहिजे, वास गोडसर. मावा पडलेल्या ज्वारीच्या पात्यांवर चिकटा साचतो आणि त्यावर काळा थर धरतो. अशी पाती हाताला काळं लावते. ती पेंढी परत.

आता वापरायचा कसा? अख्खा धांडा ट्रेमध्ये टाकून उपयोग नाही. त्याची साल गुळगुळीत, मेणचट. मूत तिच्यावरून घरंगळून तळाला जातं. कडबाकुट्टीवर बोटाच्या पेराएवढे तुकडे केले की आतला पांढरा भुसभुशीत गाभा उघडा पडतो, आणि शोषतो तो हा गाभा. पण कापलेल्या धांड्याची टोकं धारदार, तळव्याला बोचणारी. म्हणून कुट्टी खाली, पुठ्ठ्यावर. आणि त्यावर सोललेल्या पात्यांचा चांगला वीतभर उंचीचा ढीग. पाती दबून दबून बसते, ससा त्यातली खातो, उरलेली तुडवतो, आपण रोज वरून मूठभर नवी टाकायची. ट्रे म्हणून मांजराचा छोटा ट्रे घेऊ नये, त्यात सशाला आडवंसुद्धा होता येत नाही. मिस्त्रीकाम करणाऱ्यांचं मोठं प्लास्टिकचं घमेलं उत्तम. दुष्काळाच्या सालात, चारा छावण्यांसमोर गुरं उभी असताना कडब्यावर सशाला मुतू देणं जिवावर येतं, हे कबूल. अशा वेळी पाती खायला आणि खाली नुसता पुठ्ठा.

कडब्याऐवजी डोंगरी गवत मिळालं तर तेही छान. बालाघाटच्या माथ्यावर मारवेल, पवना उगवतो. फुलोऱ्यावर येण्याआधी कापून वाळवला तर ससा कडबा सोडून तो खाईल. मात्र कुसळीचं गवत अंगाला लावू नये. त्या गवताच्या टोकदार बिया धोतरातून, मोज्यातून आत शिरत जातात, तशाच सशाच्या ओठात, डोळ्यात, तळव्यात शिरतात आणि मागे फिरत नाहीत. पेंढी सोडून उन्हात पसरली की कुसळं चमकतात. दिसली तर ते गवत गाईलाच. गाजर गवताच्या काड्या निवडून फेकाव्यात. उसाच्या पाचटाच्या कडा करवतीसारख्या असतात, त्याचा इथं विचार नको. लसूण घास वाळवून पसरायची कल्पना काहींना सुचते. त्यात कॅल्शियम इतकं की मोठ्या सशाच्या लघवीतला चुना आणखी वाढेल.

आणि मग उन्हाळा. लातूर-नांदेडला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या पुढे जातो. ससा तिशीच्या वर गेल्यापासूनच कासावीस होत असतो, त्यात ट्रे बंद खोलीत. लघवीतला युरिया जंतू मोडतात आणि अमोनिया सुटतो. जितकी उष्णता जास्त तितकं हे काम वेगानं. अमोनियानं नाकातल्या आतल्या थरावरचे बारीक केस निकामी होतात, मग नाकात आधीपासून दडलेले पाश्चरेलासारखे जंतू डोकं वर काढतात: शिंका, पांढरा शेंबूड, पुढच्या पायांची लव ओली. आपण उभ्यानं वास घेतो, ससा जमिनीलगत. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी एकदा गुडघे टेकून ट्रेजवळ नाक न्यावं. डोळ्यांत झोंबलं तर उद्याची वाट न बघता तळाचा थर काढावा. हिवाळ्यात हेच चार दिवसांवर गेलं तरी चालतं.

इथं पाण्याचा प्रश्न येतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात रोज ट्रे घासून धुवा असं लिहिणाऱ्यानं आधी तिथं राहून पाहावं. धुण्याची तशी गरजही नाही. पुठ्ठ्यासकट सगळं उलटून टाकलं, ट्रे उन्हात उपडा ठेवला, चुन्याचा थर खरवडला की झालं. थर निघत नसेल तर त्यावर व्हिनेगर नाहीतर किराणा दुकानातल्या लिंबूसताचं पाणी शिंपडावं. बुडबुडे येतात, कारण तो चुनाच आहे, आणि दहा मिनिटांत फडक्यानं पुसता येतो. काळं फिनेल लावू नये, ते ट्रेला धरून राहतं आणि ससा ट्रे चाटतो. ब्लीचिंग तर मुळीच नको. लघवीतल्या अमोनियाशी ते मिसळलं की विषारी वायू निघतो, माणसालाही. ट्रे पूर्ण स्वच्छ केल्यावर जुन्या कुट्टीची एक चिमूट नव्यावर टाकायची, म्हणजे सशाला आपली जागा ओळखू येते.

काढलेला कडबा आणि लेंड्या कचऱ्याच्या गाडीत टाकणं हा नासाडीचा प्रकार आहे. बकरीच्या लेंड्यांप्रमाणेच त्या कुंडीत सरळ घालता येतात, आणि मुताची ओल असलेली कुट्टी गांडूळखताच्या वाफ्यात दोन-तीन महिन्यांत मातीसारखी होते. मांजराच्या बेंटोनाइटचं हे करून दाखवा!

फिक्या रंगाच्या कडब्याचा आणखी एक फायदा आहे: त्यावर लेंड्या दिसतात. लहान झाल्या, माळेसारख्या केसांनी ओवलेल्या दिसल्या, तर पोटात काहीतरी बिनसतंय. बारा तासांत एकही नवी लेंडी नाही आणि ससा कोपऱ्यात गप्प, तर सकाळची वाट बघू नये. आसपासचे डॉक्टर गाई-म्हशींचे असले आणि सशाला हात लावायला कचरत असले, तर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय या भागात आहे. जाताना ट्रेमधलं मूठभर लिटर आणि सापडतील तेवढ्या लेंड्या पिशवीत बरोबर घ्याव्यात. सशानं काय खाल्लं, हे डॉक्टर विचारणारच.